बाणेरचं सेकंडहँड लक्झरी गाड्यांचं दुकान : भाव पडला, पण थाप नाही मारली

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला आरसीसाठी, अर्धा चहासाठी. सविस्तर लिहितोय, कारण आमच्या भोसरी एमआयडीसीतले निदान चारजण आपापल्या जर्मन गाड्या इथेच विकायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकजण मला फोन करून तेच ते विचारतोय.

माझी गाडी मर्सिडीज ई २२० डी, २०१८ची, लांब व्हीलबेसवाली. सिंगल ओनर, फर्मच्या नावावर, एमएच १४, रनिंग शहाऐंशी हजार. आमच्या चाकणलाच जोडलेली. घेतली तेव्हा ऑनरोड पासष्टच्या वर गेली होती. लांब व्हीलबेस मिरवायला नव्हता घेतला, आण्णांच्या गुडघ्यांसाठी घेतला होता. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस मागच्या सीटवर पाय सरळ सोडून आळंदीला जाऊन येऊ शकत होता. आण्णा गेले, त्यानंतर गाडी महिन्यातून चारदा निघायची, त्यातली दोनदा बॅटरी उतरू नये म्हणून.

माझ्या डोक्यात आकडा होता अठ्ठावीस लाख. शेजारच्या शेडवाल्याने दोन वर्षांपूर्वी याहून जुनी गाडी एकोणतीसला दिली होती, तो हिशोब.

दुकान हायवेच्या सर्व्हिस रोडला आहे. शनिवार-रविवार जाऊ नका. गाड्यांसोबत फोटो काढायला आलेली पोरंच जास्त असतात आणि मालक भेटत नाही. मी बुधवारी सकाळी गेलो. शेडखाली वीस-बावीस गाड्या, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे, आणि गल्ल्यामागे गणपती.

तपासणी करणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने आधी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, गाडी गरम आहे." अरे बाबा, निगडीहून चालवत आणली, गार कशी असेल? तो म्हणाला, थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट ऐकल्याशिवाय भाव नाही. गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली. मला आधी राग आला, नंतर बरं वाटलं. मी स्वतः आयुष्यभर इंजिनाचे भाग बनवले आहेत, व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून वरखाली होते ती नळी. थंड स्टार्टला इंजिन जे बोलतं ते नंतर बोलत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण सांगणारा भेटला.

मग मायक्रॉन मीटर. हे छोटं यंत्र पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड ते सांगतं. बॉनेट एकशे वीस, छत एकशे पंधरा, उजवीकडची दोन्ही दारं एकशे पंचवीसच्या आसपास. डावं मागचं दार, दोनशे नव्वद. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, शक्यच नाही. घरी येऊन ड्रायव्हरला विचारलं तेव्हा तो बराच वेळ चपलेकडे बघत राहिला. २०२१ साली मी गावाला असताना खांबाला घासली होती आणि त्याने स्वतःच्या पैशाने परस्पर रंगवून घेतली होती. म्हणजे माझ्या गाडीची गोष्ट मला या पोराने सांगितली. टायरवरचे चार आकडेही त्यानेच वाचून दाखवले. ३२२२ म्हणजे २०२२चा बत्तिसावा आठवडा. मागच्या दाराच्या आत खाली आण्णांच्या काठीच्या रबराचा काळा डाग आहे, तोही त्याने नोंदवला. "इंटिरियर, मायनर" असं लिहिलं.

संध्याकाळी भाव आला. एकवीस.

मी उठलो. मालक म्हणाला, "शेठ, बसा. शिव्या द्यायच्या असतील तर चहा पिऊन द्या." चहा मशीनचा, वेलदोड्याचा वास मारणारा, गोडमिट्ट. साठ लाखांच्या गाड्या विकता आणि एक टपरीवाला लावून घेता येत नाही? अर्धा तारा इथेच गेला.

चहा झाल्यावर त्याने मला गाड्यांमधून फिरवलं, आणि बाकीचे तारे त्याने इथे कमावले. प्रत्येक गाडीपाशी थांबून ती कधीपासून उभी आहे ते सांगत गेला. कोणता दुकानदार पडून राहिलेला माल बोट दाखवून सांगतो? पहिल्या रांगेतल्या एसयूव्ही महिनाभरात जातात. सत्तर लाखांपुढच्या गाड्यांनाही ओळखीतून गिऱ्हाईक मिळतं. अडकलाय तो मधला माल. पाच-सात-आठ वर्षांच्या डिझेल सेडान, वीस ते तीस लाखांच्या. अशा सहा उभ्या होत्या, एक तर गुढीपाडव्यापासून.

"माझं गिऱ्हाईक ठरलेलं होतं," तो म्हणाला. "चाकण-तळेगावचा व्हेंडर, हिंजवडीतला मॅनेजर, नाहीतर जमीन विकलेला पार्टीवाला. हातात तीस लाख. नवी जर्मन गाडी परवडत नाही, पण एकदा तरी मर्सिडीजचा तारा किंवा बीएमडब्ल्यूचा प्रोपेलर पाहिजे. तो माझ्याकडे यायचा. आता तो चाकणचीच दुसरी गाडी घेतो."

दुसरी म्हणजे महिंद्राच्या इलेक्ट्रिक. नोव्हेंबर २०२४मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आल्या, दोन्ही चाकणच्या. मोठ्या, ७९ युनिटच्या बॅटरीची ९ई एक्सशोरूम साडेतीस लाखांना जाहीर झाली. चाचणीतली रेंज ६५६ किलोमीटर, डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पडदे, पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी. मालकाचं म्हणणं असं की बॅजसाठी येणाऱ्या माणसाला खरं म्हणजे शेजाऱ्याने वळून बघायला हवं असतं. आठ वर्षांच्या जर्मन गाडीकडे आता वळून बघत नाहीत, या नव्या गाडीकडे बघतात. वर गॅरेजवाल्याचा फोन येईल ही धास्ती नाही.

मी म्हटलं, हे झालं तुमचं रडगाणं, पण लक्झरी गाड्या तर विकल्या जातायत. त्याने मान डोलावली. आकडे मलाही पाठ आहेत, कारण माझं पोट त्यावर आहे. २०२४मध्ये मर्सिडीजने भारतात १९,५६५ गाड्या विकल्या, तोवरचा उच्चांक. बीएमडब्ल्यूने मिनी धरून १५,७२१, त्यात इलेक्ट्रिक १,२४९. म्हणजे नव्या लक्झरी गाडीच्या शोरूमला इलेक्ट्रिकचा धक्का तोवर बसलेला नव्हता. धक्का बसलाय तो शिडीच्या खालच्या पायरीला, जिथे माणूस पहिल्यांदा पाय ठेवतो. अमेरिकेत उलटं झालं. तिथे २०१२ला टेस्लाची मॉडेल एस आली आणि दोन-तीन वर्षांत तिने थेट मर्सिडीजच्या एस-क्लासला आणि बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजला विक्रीत मागे टाकलं. वरून सुरुवात झाली. आपल्याकडे टेस्लाने जुलै २०२५मध्ये मुंबईत बीकेसीला दुकान मांडलं, पण मॉडेल वाय शांघायहून आयात होऊन आली आणि तेव्हा ५९.८९ लाखांना पडत होती. पुण्यातल्या माणसाला त्यापेक्षा चाकण जवळ.

बरं, वरच्या मजल्यावर इलेक्ट्रिकची पकड पक्की आहे असंही नाही. पोर्शची टायकन २०२१मध्ये जगभरात ४१,२९६ विकली गेली आणि त्यांच्याच ९११ या स्पोर्ट्सकारला मागे टाकून गेली. २०२४मध्ये तीच टायकन २०,८३६वर आली. या दुकानातही कोपऱ्यात एका बड्या जर्मन कंपनीची इलेक्ट्रिक सेडान उभी होती, जेमतेम अडीच वर्षांची, नव्याच्या निम्म्या भावात. मी आत बसलो. आवाज नाही, हेलकावा नाही, बॅटरीची वॉरंटी बाकी. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मालकच म्हणाला, "काका, तुम्ही नका घेऊ. ही विकायला परत माझ्याकडेच आणाल आणि मी तुम्हाला भाव देऊ शकणार नाही." स्वतःचा अडकलेला माल असताना हे वाक्य बोलणारा माणूस. (मला "काका" म्हणाला हे मात्र लक्षात ठेवलंय. मी सत्तावन्नचा आहे, तो पन्नाशीचा नक्की असेल.)

भाव पडण्याची बाकी कारणंही त्याने लपवली नाहीत. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सेससकट पन्नासपर्यंत जायचा तो चाळीसवर आला. नवी स्वस्त झाली की जुनी त्याच दिवशी घसरते. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर टाच आल्यापासून तिकडचा स्वस्त माल इकडे येत राहतो, तो वेगळाच. इलेक्ट्रिकवर जीएसटी पाचच टक्के. वर महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ, जो वीस लाखांवरच्या डिझेलला पंधरा टक्के बसतो. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावायचा प्रस्ताव २०२५च्या बजेटमध्ये आला होता, तो सरकारने मार्चातच मागे घेतला. द्रुतगती मार्गावर टोलमाफी धोरणात आली. आणि माझ्या सीएने जे सांगितलं त्यावर तर मी फोन कानापासून लांब धरून स्पीकरवर टाकला, मालकालाही ऐकू दे म्हणून. साध्या मोटारीवर घसारा, म्हणजे नफ्यातून मिळणारी वजावट, वर्षाला पंधरा टक्के, इलेक्ट्रिकवर चाळीस. फर्मच्या नावावर गाडी घेणाऱ्या व्यापाऱ्याला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

मालक हसला. "बघा, तुमचा सीएच माझ्या धंद्यावर उठलाय."

शेवटी बावीस पंचाहत्तरला तुटलं. पार्क अँड सेलला, म्हणजे विकली जाईपर्यंत माझ्याच नावावर त्यांच्याकडे उभी ठेवली असती तर कदाचित चोवीस मिळाले असते, पण मला महिनोन्‌महिने विमा भरत बसायचं नव्हतं. पैसे त्याच दिवशी आरटीजीएसने आले, यात शंभर टक्के मार्क. फर्मच्या गाडीबद्दल एक ध्यानात ठेवा. विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता पुस्तकात उरलेली किंमत यांतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. माझी पुस्तकात एकवीसच्या आसपास उरली होती, त्यामुळे तीस-एक हजारांत सुटलो.

आता आरसी. आठ दिवसांत ट्रान्सफर म्हणाले, सत्तेचाळीस दिवस लागले. दरम्यान चांदणी चौकातल्या वेगमर्यादेचं ई-चलन माझ्या फर्मच्या नावावर आलं, कोणातरी गिऱ्हाइकाने ट्रायलला पळवली असणार. दुकानाने भरलं, पण तीन फोन केल्यावर. तुम्ही गाडी दिलीत तर तारखेसोबत वेळही लिहिलेली डिलिव्हरी नोट घ्या, सही-शिक्क्यासकट. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधीच काढून ठेवा, हे लोक त्यासाठी तुमच्यामागे लागणार नाहीत, तुम्हीच त्यांच्यामागे लागाल.

मी काय घेतलं हे चौघांनीही विचारलंय, म्हणून लिहितो. ९ई, मोठ्या बॅटरीची. चाकणला बनलेली गाडी देऊन चाकणला बनलेली आणली. शेडमध्ये गाडी लावली तेव्हा लेथवरचा आमचा जुना कारागीर बाहेर येऊन चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "साहेब, हिच्यात आपले गाइड किती?" जुनीत सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा गाइड. हिच्यात शून्य. त्याला उत्तर दिलं नाही, चहा सांगितला. टपरीचा.

गेल्या रविवारी सर्व्हिस रोडने जाताना गाडी दिसली म्हणून थांबलो. पहिल्या रांगेत आणलीय, काचेवर २६.५० खोडून २५.७५ लिहिलंय. तोच मायक्रॉनवाला मुलगा पुसत होता. विचारलं, येतात का लोक बघायला? म्हणाला, "येतात ना काका. मागे बसतात, पाय लांब करतात, एकदम खूश होतात. मग विचारतात, हीच चार्जिंगवाली नाही का तुमच्याकडे?"