स्नेहमेळाव्याचे बिल आणि न मोजलेली ताटे

आमच्या शाळेच्या 2000 सालच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा डिसेंबर 2025 मध्ये पन्हाळ्याजवळच्या एका हॉटेलात झाला. जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती. माणशी 1,200 रुपये वर्गणी ठरली, आणि काही वर्गमित्रांना तेवढी रक्कमही सहज देता येणार नाही हे मला ठाऊक होते. म्हणूनच पुढे जे घडले त्याचा सल मनातून जात नाही.

मॅनेजरांनी फोनवर ताटाचा दर 900 रुपये सांगितला आणि ‘यात सगळे आले’ असा शब्द दिला. किमान 50 ताटांची हमी मागितली, ती मी दिली, 30,000 रुपये आगाऊ भरले आणि पावतीही घेतली; मात्र त्या पावतीवर केवळ रक्कम आणि तारीख होती, दरात काय धरले आहे याचा एक शब्दही नव्हता. मद्य घेणारे चौदा जण होते आणि तो खर्च त्यांनी आपसात वाटून घ्यायचा होता.

प्रत्यक्षात आम्ही 52 जण जेवलो. रात्री साडेअकराला, गावाकडे निघायची बस दारात उभी असताना, 1,39,950 रुपयांचे बिल हाती आले. त्यात ताटे 71 होती. कारण विचारले तेव्हा मॅनेजर म्हणाले, “मॅडम, एकाने दोनदा स्वच्छ प्लेट घेतली की आम्ही दोन धरतो.” बुफेत भाजी-आमटीचे ताट बाजूला ठेवून गोडासाठी दुसरे घेणे ही अगदी साधी गोष्ट आहे आणि तिचे वेगळे 900 रुपये लागतात, हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते. केवळ या एका ओळीत 17,100 रुपये जास्तीचे होते. लग्नघरात ताटांच्या चळतीजवळ घरचा एक माणूस वही घेऊन उभा असतो. माझ्या माहेरी हे काम काका करीत. हॉटेलात मात्र आपण पाहुणे आहोत अशा समजुतीने मी कोणालाच तिथे उभे केले नाही.

मद्याची नोंद 60 मिलिलिटरच्या 96 पेगांची होती. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून असे साडेबारा पेग निघतात, म्हणजे चौदा जणांनी जवळजवळ आठ बाटल्या रिचवल्या, असा त्याचा अर्थ होतो. रिकाम्या बाटल्या दाखवा म्हटले, तर त्या उचलून नेल्याचे उत्तर मिळाले. टेबलावर न मागता ठेवलेल्या पाण्याच्या 60 बाटल्याही प्रत्येकी 60 रुपयांनी लावल्या होत्या.

या सर्वांवर 10 टक्के सेवा शुल्क आणि त्या एकूण रकमेवर, मद्यासकट, 18 टक्के जीएसटी होता. मद्य जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममधील मद्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि नोव्हेंबर 2023 पासून त्याचा दर 10 टक्के आहे. खोलीचे भाडे 7,500 रुपयांच्या आत असलेल्या हॉटेलात जेवणावर सहसा 5 टक्केच जीएसटी असतो. सेवा शुल्क आपोआप बिलात घालण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती वैध ठरवली. यातले काहीही त्या रात्री मला ठाऊक नव्हते. बसचालक घाई करीत होता, सोबत लहान मुले पेंगत होती, आणि मी माझ्या कार्डावरून उरलेली सगळी रक्कम भरली.

दुसऱ्या आठवड्यात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बिलाची प्रत जोडली. तीन आठवड्यांनी सेवा शुल्क आणि मद्यावरचा जास्तीचा कर परत मिळाला, कारण ते बिलावर छापलेलेच होते. ताटे आणि पेग यांबद्दल हॉटेलने त्यांच्या वहीतील नोंद पुढे केली. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

ज्यांच्याकडे असे काम आहे त्यांनी ताट म्हणजे माणूस की प्लेट, पाणी आणि स्टार्टर दरात आहेत की नाहीत, कर कोणता आणि किती, हे मॅनेजरांच्या सहीने कागदावर घ्यावे. मद्याच्या सीलबंद बाटल्या आपल्यासमोर उघडायला लावाव्यात आणि रिकाम्या बाटल्या बिल होईपर्यंत तिथेच ठेवाव्यात. ताटांजवळ आपला माणूस उभा करावा आणि जेवण सुरू होण्याआधी व संपल्यावर दोन्ही बाजूंनी मोजणीवर सही करावी. बिल बस येण्याच्या तासभर आधी मागावे.