साडेसहा इंची बटण बिट: चिकोडीच्या काळ्या दगडात पास, गोकाकच्या दगडात काठावर

बोअरच्या गाडीला लागणारं साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमीचं देशी बटण बिट, म्हणजे पोलादी अंगात कडक बटणं बसवलेलं दगड फोडायचं टोक, बेळगावात सर्रास मिळतं. सपाट तोंड, गोल डोक्याची बटणं, वीस-पंचवीस किलो वजन. हा अभिप्राय त्या मालाबद्दल आहे, कुठल्या एका छापाबद्दल नाही. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात ते पैसे वसूल करून देतं. तेच बिट गोकाक-सौंदत्तीकडे नेलं की लवकर बाद होतं, आणि गाडीवाला बटणांना शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोष बटणांचा नसतो, त्यांना धरून ठेवणाऱ्या पोलादाचा असतो.

आधी बटणांचंच बघू. बटण म्हणजे टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधून साधारण १४०० अंशांवर भाजलेला गोळा. दगड फोडायच्या ग्रेडमध्ये कोबाल्ट ६ ते १० टक्के असतं, बाकी कार्बाइड. कोबाल्ट कमी केलं की बटण कडक होतं, कमी घासतं, पण ठोक्याने टवका उडतो. वाढवलं की ठोका सोसतं, पण लवकर चपटं होतं. कार्बाइडचा कण जाड की बारीक यावरही हाच हिशेब फिरतो. म्हणून 'एकदम हार्ड बटण आहे' हे दुकानदाराचं वाक्य ऐकून खूश होऊ नका. कोबाल्ट किती, ते विचारा. उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही. जुन्या बिटातून निघालेलं त्याच मालाचं अख्खं बटण सोनाराच्या काट्यावर आधी कोरडं तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागलं की घनता मिळते. ६० ग्रॅमचं बटण पाण्यात ५५.९ भरलं, तर फरक ४.१ आणि घनता सुमारे १४.६. सहा टक्के कोबाल्टला ती १४.९ च्या आसपास येते, दहा टक्क्यांना १४.५. १४.३ च्या खाली गेली, तर कोबाल्ट जास्त आहे किंवा आत पोकळ्या राहिल्यात. पोकळ्या असलेलं बटण मधूनच तुटतं, त्याला ऑपरेटर काही करू शकत नाही.

उत्तरेकडचा काळा दगड कडक आहे, पण घासणारा नाही. त्यात गारगोटी फारशी नसते. बटण चपटं होत नाही, चकचकीत राहतं, आणि इथेच फसगत होते. ठोक्याने तापणं आणि हवेने थंड होणं हे सतत चालू राहून बटणाच्या कातडीवर सापाच्या खवल्यांसारख्या बारीक भेगा पडतात. वरून बिट नवं दिसतं, तसंच चालवलं की एके दिवशी दोन-तीन बटणांची डोकी एकदम उडतात. तेव्हा या दगडात बटण चपटं व्हायची वाट न बघता, खवले दिसू लागले की वरचा थर घासून काढायचा. दोन थरांच्या मधला तांबडा गेरू लागला तर हवेची भोकं बुजतात. बिट वर उचलून फुंकर मारून घ्या, दाबत बसू नका. एवढं सांभाळलं तर या पट्ट्यात हे बिट उत्तम आहे, महागड्याची गरज नाही.

आता गोकाकचा धबधबा ज्या दगडावरून पडतो, तो दगड. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून ज्या खडकांना नाव पडलं, त्यांतला हा वाळूचा, जागोजाग गारगोटीसारखा घट्ट झालेला दगड. यमकनमर्डीकडून सौंदत्तीपर्यंत अधूनमधून तो भेटतच राहतो. यात गारगोटी भरपूर, त्यामुळे तीच बटणं भराभर चपटी होतात, आणि सगळ्यात आधी कडेच्या रांगेतली. कारण भोकाचा व्यास तीच रांग राखते आणि एका फेऱ्यात सगळ्यात लांबचा पल्ला तिलाच पडतो. व्यास गेला की भोक खाली निमुळतं होतं. निमुळत्या भोकात नवं पूर्ण मापाचं बिट घातलं की ते अडकतं, कडेची बटणं तुटतात. म्हणून गाडीवर तीन बिटं असतील तर कॅलिपरने मोजून खडूने नंबर टाका. सगळ्यात मोठं आधी, बारीक झालेलं शेवटी. शेतकऱ्यानेही काम सुरू होण्याआधी बिटाचा व्यास मोजून बघावा. पुढे सहा इंची सबमर्सिबल त्याच भोकात उतरवायची असते.

पण गोकाकात खरा मार बसतो तो पोलादाला. भोकातून वर येणारी हवा गारगोटीचा चुरा घेऊन बिटाच्या तोंडावरून आणि बगलेवरून सुसाट जाते, आणि बटणांभोवतीचं पोलाद धुऊन काढते. बटण शाबूत, पण त्याची बैठकच उरत नाही, मग ते निखळतं. निखळलेलं बटण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, हवेने वर येत नाही. खाली बसून पुढच्या बिटाचीही बटणं फोडतं. हॅमर, म्हणजे बिटाला हवेने ठोके देणारं यंत्र, वर काढून चुंबक सोडून बघा. कोबाल्टमुळे ते थोडंफार धरतं, पण भरवसा नाही.

या बिटाच्या अंगाला साधारण दोन प्रकारचं पोलाद येतं. एक ईएन २४ च्या जातीचं, म्हणजे आरपार एकसारखं कडक केलेलं निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम. दुसरं ईएन ३६ च्या जातीचं, कार्बन कमी, निकेल तीन टक्क्यांच्या वर, आणि वरून कार्बन चढवून कातडी कडक केलेलं. पहिल्यात अंगाचा कडकपणा रॉकवेल सी या मापावर ४० च्या आसपास ठेवतात. ३५ च्या खाली गेला तर पोलाद धुतलं जातं आणि बटणं ढिली होतात. ४८-५० वर नेला तर बटणाच्या भोकाच्या तळातून चीर निघते. दुसऱ्यात कातडी ५५ च्या वर, गाभा चिवट, त्यामुळे धुण्याला आणि स्प्लाइनच्या (बिटाच्या दांडीवरच्या खाचांच्या) झिजेला ते जास्त तोंड देतं. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात हीट ट्रीटमेंटची (पोलाद तापवून कडक करायची) कामं चालतात तिथे हार्डनेस टेस्टर असतोच. बिट नेऊन एक ठसा मारून घ्यायला फार खर्च येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: गोकाक-सौंदत्तीसाठी कातडी कडक केलेलं अंग मागा, बटणं कमी कोबाल्टची आणि गोल डोक्याचीच घ्या, आणि कडेची रांग १६ ऐवजी १८ मिमीची मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या. टोकदार डोक्याची बटणं मऊ मुरमात आणि खानापूरकडच्या जांभ्याखालच्या नरम दगडात पळतात, इथे त्यांची टोकं उडतात.

बटण बसवण्यात डिंक-झाळ काही नसतं. भोक बटणापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहान ठेवून बटण दाबून बसवतात, नाहीतर अंग तापवून. भोक जरा मोठं झालं की बटण फिरतं, जरा लहान झालं की अंगाला चीर. म्हणून 'बटणं बदलून दिलेलं' जुनं बिट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, असं आमचं ठाम म्हणणं. जुनं भोक ताणलेलं असतं, त्यात मोठं बटण बसवायला भोक वाढवावं लागतं आणि मधल्या भिंती पातळ होतात. कुणी निखळलेल्या जागी वेल्डिंग करून देत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. वेल्डिंगची आच कडकपणा घालवते आणि शेजारच्या बटणांची पकडही सैल करते.

घासायचं केव्हा? चपटा डाग बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की. १६ मिमीच्या बटणावर हा डाग सव्वापाच मिमीचा. त्यापुढे चालवलं तर वेग पडतो, ऑपरेटर दाब वाढवतो आणि बटणं फुटतात. डायमंडच्या कपाने, पाण्याची धार धरून घासा, आणि आकार गोलच परत आणा. कोरड्या हिरव्या चाकावर घासलं तर बटण तापून भेगाळतं. पोलादही थोडं उतरवा, बटण किंचित वर निघालं पाहिजे. कडक दगडात हॅमर मिनिटाला १५ ते २० फेऱ्यांच्या वर नको. जोरात फिरवल्याने भोक लवकर होत नाही, कडेची रांग तेवढी जाते.

शेवटी एक स्वस्त भाग, ज्यामुळे चांगली बिटं बदनाम होतात: शँकच्या, म्हणजे हॅमरमध्ये बसणाऱ्या बिटाच्या दांडीच्या, टोकातली प्लास्टिकची नळी, फुटवाल. ती तुटली किंवा आत सरकली की हॅमर ठोकेच देत नाही, आणि दोष बिटावर येतो. डीएचडी ३६० आणि क्यूएल ६० या दोन जातींच्या शँकचा माल एकमेकांना चालत नाही. फुटवाल असलेल्या बिटाच्या दोन जादा नळ्या बिटाबरोबरच घ्या, बसवताना बाहेर राहणारी उंची कंपनीच्या तक्त्याशी मोजून बघा, आणि गाडीवर उन्हात ठेवू नका.