रानभाजी: खुडायची, विकत घ्यायची की कुंडीत लावायची?

जूनचे पहिले चार पाऊस झाले की मला हमखास कुणीतरी विचारतं, “बांधावर एवढी भाजी फुकट उगवते, मग विकत कशाला घ्यायची?” घरखर्चाचा हिशोब ठेवणाऱ्याला हे वाटणारच. पण उत्तर भाजीगणिक बदलतं.

खुडायला शिकायचं तर टाकळ्यापासून सुरुवात करा. पडीक जागेत तो नुसता माजतो. एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या छोट्या पात्यांच्या, बहुधा तीनच जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. अंधार पडला की त्या मिटतात. शेजारी कासविंदा उभा असू शकतो. त्याच्या पर्णिका जास्त आणि टोकदार असतात. हा फरक डोळ्यांत पक्का बसल्याशिवाय हात लावू नका. कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. टाकळाही फुलं यायच्या आतला, कोवळा शेंडा तेवढाच घ्यायचा. कांदा, लसूण, मिरची, वरून ओलं खोबरं. घरात आठळ्या असतील तर उकडून घाला, टाकळ्याचा कडवटपणा छान मुरतो.

दुसरी घोळ. तिची खूण बोटांना कळते. देठ जाड, गुळगुळीत, तांबूस. मोडला की पाण्यासारखा रस येतो. जमिनीलगत पसरणारी नायटी लांबून तशीच दिसते, पण तिचा देठ मोडला की दुधासारखा पांढरा चीक येतो. चीक दिसला की टाकून द्या. मी अजूनही प्रत्येक झुडपाचा एक देठ मोडून पाहते. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असेल तर ती जपूनच खावी.

शहरात मात्र खुडण्यातली खरी अडचण ओळखीची नसून जागेची आहे. हमरस्त्याची कड, गटाराचा काठ, तणनाशक मारलेला बांध इथली भाजी कितीही तरारलेली असली तरी नको. स्वतःचं शेत किंवा माहितीतलं आवार नसेल, तर फुकटची भाजी विसरा.

शेवळं तर विकतच घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बाया ती आणतात आणि सोबत काकडं ही आंबट रानफळंही देतात. काकडांचा आंबट रस किंवा चिंच नसेल तर घशाला अशी खाज सुटते की जेवण तिथेच थांबतं. आतल्या दांड्याचा खालचा खरखरीत भाग काढून टाकायचा हेही त्याच सांगतात. नवख्या माणसाने रानात जाऊन ओळखायची ही भाजी नव्हे. शेवळाची कणी हा पदार्थ करायचा तर त्या बाईकडे घासाघीस न करता घ्या. तुम्ही भाजीसोबत तिच्या पारखीचेही पैसे देता. शिवाय शेवळं म्हणजे त्या झाडाचा फुलोराच. दिसतील तेवढी उपटली तर बी धरणार कधी?

लागवडीला सगळ्यांत स्वस्त मायाळू आणि घोळ, कारण बियाणंही विकत घ्यावं लागत नाही. बाजारातून जुडी आणा, पानं भाजीला किंवा भज्यांना, आणि उरलेले जाड देठ पेरासकट मातीत खोचा. पेऱ्यातून मुळं फुटतात. रंगाची रिकामी बादली बुडाशी भोकं पाडून पुरते. मायाळूला वर चढायला दोरी द्या, घोळीला भरपूर ऊन. एकदा दहा-वीस रुपये गेले की पुढचे काही महिने कात्री घेऊन गॅलरीत जायचं. गॅलरी एवढीच जागा असलेल्यांना मी दुसरं काही सुचवणार नाही.

करटोलीचा मोह सगळ्यांना होतो, कारण बाजारात ती फार महाग. पण तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. बी पेरलं तर कोणता वेल निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून ओळखीच्या मादी वेलाचा कंद मागून आणा आणि एक नरही लावा. अंगण असेल तरच हा व्याप परवडतो. थंडीत वेल वाळतो. उपटून फेकू नका, कंद जमिनीत जिवंत असतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवा. मादी फूल ओळखणं सोपं आहे, त्याच्या बुडाशी इवलंसं काटेरी करटोलं आधीच बसलेलं असतं.