हिरवी केळी टिकवायची: विकिरण की शीतगृह?

रावेर-यावलच्या केळीला आमचं मत शीतगृहाकडेच.

विकिरणात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण फळाचं पिकणं लांबवतात. नियमानं ०.२ ते १ किलोग्रे (फळात शोषलेल्या किरणांचं माप; १ किलोग्रे म्हणजे १००० ग्रे) मात्रा चालते, पण केळीला वरचा आकडा झेपत नाही, साल तपकिरी पडते. थप्पीतल्या बाहेरच्या खोक्यांना आतल्यांपेक्षा जास्त मात्रा बसते, म्हणून डाग आधी तिथेच. माल पक्का हिरवा हवा. फणी रंगावर आली की किरण मारून उपयोग नाही. देठाजवळची काळी कूजही एवढ्या मात्रेत मरत नाही. शिवाय विकिरण केंद्र लासलगावला, म्हणजे जाता-येता हिसके आणि साल खरचटणं आलंच. (अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याची गोष्ट वेगळी. तिथं ४०० ग्रे किडीसाठी देतात, टिकण्यासाठी नव्हे.)

शीतगृहाचं गणित सरळ, पण चुकीला माफी नाही. मे महिन्यात ४५ अंशांत कापलेला घड लगेच सावलीत घ्या. फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात चीक जाऊ द्या, निथळा, प्लॅस्टिक पिशवी लावून खोक्यात भरा आणि त्याच दिवशी थंड करा. तापमान १३ ते १४ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. १२ च्या खाली गेलं की थंडी बाधते. हिरवी साल नखानं खरवडून पाहा: आत तपकिरी रेघा दिसल्या तर तो माल रायपनिंग चेंबरमध्ये (फळं पिकवायच्या बंद खोलीत) मळकट राखाडीच पिकणार. पिकलेली एखादी फणीही आत नको, तिच्यातून निघणाऱ्या इथिलीन या पिकवणाऱ्या वायूनं शेजारची खोकी पिकायला लागतात.