कोंबडी, झेब्राफिश की उंदीर: हृदयातल्या पेशींची चिकटण शिकायची तर काय घ्यायचं

विषय ठरलेला असतो, गर्भात हृदय बनताना पेशी एकमेकींना कशा धरून राहतात हे बघायचंय, आणि मग गाडी अडते मॉडेलवर, म्हणजे प्रयोग कुठल्या प्राण्यावर करायचा यावर. एमएस्सीचं डेझर्टेशन करणारं कोणी ना कोणी दरवर्षी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहितेय. माझं मत आधीच सांगते, हातात चार-सहा महिनेच असतील तर कोंबडीचं अंडं घे.

हृदय सुरुवातीला एक नसतंच. डावीउजवीकडे दोन पट्टे असतात, ते मध्यावर सरकतात, जुळतात आणि नळी होते. या सगळ्या प्रवासात पेशी शेजारणीला धरतात एन-कॅडहेरिन या पृष्ठभागावरच्या प्रोटीनने (त्याला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते) आणि खालच्या फायब्रोनेक्टिन या प्रोटीनच्या जाळीला धरतात इंटिग्रिन या दुसऱ्या प्रोटीनने. कोंबडीत हे दीड दिवसात उरकतं, साधारण 33 ते 36 तासांत नळी हलायला लागते. अंडं सलाइनमध्ये फोडायचं, बलकावर गर्भाभोवती फिल्टर पेपरची रिंग बसवायची, कडेने कात्री फिरवायची, रिंगसकट उचलायचं आणि पोटाची बाजू वर करून अगार-अल्ब्युमिनच्या (अंड्याच्या पांढऱ्याच्या) प्लेटवर ठेवायचं, मग हृदय थेट डोळ्यांसमोर. पहिली आठ-दहा फाटतील, माझीही फाटलीत, पण दुसऱ्या आठवड्यात हात बसतो. आता एन-कॅडहेरिन अडवणारी अँटिबॉडी टाकली की मायोकार्डियमचा (हृदयाच्या स्नायूचा) थर नीट जमत नाही, फायब्रोनेक्टिन अडवलं की पट्ट्यांचं सरकणंच बिघडतं, आणि हे तू त्याच दिवशी बघतेस. वर हृदय चार कप्प्यांचं, आपल्यासारखं.

दुकानातली अंडी चालत नाहीत हं, फलित अंडी हॅचरीतूनच आणायची. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात जपून, उन्हात टेम्पोतून येतानाच गर्भ वाढायला लागतो आणि मग एकाच ट्रेमधलं एक अंडं पुढे आणि एक मागे, म्हणून तास मोजत बसू नको, हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या 1951च्या स्टेजेस (गर्भाच्या रूपावरून ठरवलेले वाढीचे टप्पे) बघूनच नोंद कर. कोंबडीची खरी अडचण म्हणजे तयार म्युटंट (ज्यांचा एखादा जीन बिघडलेला आहे असे) जवळपास नाहीतच. अँटिबॉडी अर्धवट अडवते, त्यामुळे जीन पूर्ण गेला तर काय, या प्रश्नाला पक्कं उत्तर मिळत नाही.

ते उत्तर झेब्राफिश देतो, आणि तेही जिवंतपणी. गर्भ आरपार दिसतो, 24 तासांत नळी धडधडते, 48 तासांपर्यंत तिला वळण पडतं. सगळ्यात भारी गोष्ट ही की रक्ताभिसरण बंद असलं तरी पोरं काही दिवस जगतात, ऑक्सिजन पाण्यातून आत झिरपतो, म्हणून हृदय पार बिघडलेलं असलं तरी बघायला वेळ मिळतो. नॅटर नावाच्या म्युटंटमध्ये फायब्रोनेक्टिनचा जीन बिघडलेला आहे, तिथे दोन पट्टे जुळतच नाहीत आणि दोन हृदयं वेगवेगळी राहतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही. पण झेब्राफिशचं हृदय दोनच कप्प्यांचं, म्हणजे डाव्याउजव्या कप्प्यांमधल्या पडद्याचा प्रश्न असेल तर इथे काहीच हाती लागणार नाही. शिवाय काही जीन्सच्या दोन-दोन कॉपी असतात, एक बंद केला तर दुसरा सांभाळून घेऊ शकतो. आणि फक्त मॉर्फोलिनोच्या (जीनचं काम तात्पुरतं दाबणाऱ्या रेणूच्या) जोरावर निष्कर्ष काढू नकोस, म्युटंटशी ताळा हवाच. टँक, 28 डिग्री पाणी, रोजचं खाणं, हे आधीपासून चालू असलेल्या लॅबमध्येच जमतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या हृदयावर काम चालतं, जवळ असशील तर जाऊन बघ.

उंदराला मी एमएस्सीसाठी सरळ नाही म्हणेन. गर्भ पोटात, प्रत्येक स्टेजसाठी आई मारावी लागते, एथिक्स कमिटीची परवानगी यायला वेळ जातो, आणि ब्रीडिंग जमेपर्यंत सेमिस्टर संपतं. पण पीएचडी असेल तर चित्र बदलतं, कारण या विषयातले सगळ्यात ठोस पुरावे उंदरातलेच आहेत. 1997 मध्ये एन-कॅडहेरिन काढलेले गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मेले, नळी बनली होती पण मायोकार्डियमच्या पेशी सुटून गेल्या होत्या. पुढे 2001 मध्ये अशाच गर्भांच्या फक्त हृदयात ई-कॅडहेरिन घातलं, जे तिथलं नाहीच, तरी हृदय बऱ्यापैकी सावरलं! म्हणजे त्या टप्प्यावर कुठला कॅडहेरिन यापेक्षा पकड असणं महत्त्वाचं होतं, आणि हा प्रयोग अंड्यात अँटिबॉडी टाकून कधीच झाला नसता. एपिकार्डियमचंही, म्हणजे हृदयावरच्या बाहेरच्या आवरणाचंही तसंच, अल्फा-4 इंटिग्रिन किंवा तो ज्याला धरतो तो जोडीदार व्हीकॅम-1, दोघांपैकी एक काढला तरी ते आवरण टिकत नाही.

तेव्हा एपिकार्डियम किंवा एकाच टिश्यूतला जीन काढणं हाच प्रश्न असेल तर उंदीर, पण तशा उंदरांची लाइन (जपलेला वंश) लॅबमध्ये आधीपासून असेल तरच. पेशी सरकताना लाइव्ह बघायच्या असतील तर मासा. बाकी सगळ्यांनी गाइडला भेटायच्या आधी दोन कामं करा, हॅचरीला फोन करून आठवड्याला किती फलित अंडी मिळतील ते विचारा, आणि लॅबच्या फ्रीजरमध्ये कोंबडीवर चालणारी एन-कॅडहेरिनची अँटिबॉडी आहे का ते उघडून बघा, कारण माणसावर चालणारी प्रत्येक अँटिबॉडी कोंबडीवर चालत नाही आणि नवी मागवली की महिना तिथेच जातो.