कोलकात्याहून ऑर्गन मागवला, आणि आमच्या मंडळीची फसवणूक झाली

जुना हॅमंड ऑर्गन, चालू स्थितीत, चर्चसाठी खास किंमत, देशात कुठेही घरपोच, सोबत कन्व्हर्टर फुकट. अशी जाहिरात तुमच्या पाहण्यात आली आणि विकणारा कोलकात्याचा निघाला, तर पैसे पाठवण्याआधी पुढचं सगळं वाचा. आमच्या चर्चच्या मंडळीचे यात दीड लाखाच्या वर रुपये गेले. ते अर्पणाचे पैसे होते. पेन्शनवर भागवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी दिलेले पाचशे-पाचशे त्यात होते. अशा पैशांवर डोळा ठेवणारी माणसं मोकळी फिरताहेत, याची मला फार चीड आहे.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातलं, जुनं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आम्ही बाजाची पेटी आणि तबल्यावर गातो. पाश्चात्त्य चालींच्या गीतांसाठी पायाचा ऑर्गन होता. त्याचा भाता फाटला, रीड गेले आणि दुरुस्त करणारं कोणी मिळेना. कीबोर्ड का नाही घेतला, असं आम्हाला अनेकांनी विचारलं. कीबोर्ड आहे आमच्याकडे, तरुण मुलं वाजवतात. पण शंभर-दीडशे माणसं एकदम गायला लागली की त्यांच्या आवाजाखाली भरीव, न तुटणारा सूर लागतो, आणि तो हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनमधून जसा येतो तसा छोट्या कीबोर्डमधून येत नाही. अमेरिकेत १९३५ साली हा ऑर्गन बाजारात आला तेव्हा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चनीच तो मोठ्या संख्येने घेतला होता. त्यामुळे पंच कमिटीने वर्गणी काढून जुना हॅमंड घ्यायचं ठरवलं, ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं.

जाहिरात सेकंडहँड वस्तूंच्या एका साइटवर होती. मॉडेल एम-३, म्हणजे दोन कीबोर्डचा, घरगुती बांध्याचा, तरीही शंभर किलोच्या वर वजनाचा ऑर्गन. शिकागोच्या कारखान्यात हे मॉडेल १९५५ ते १९६४ या काळात बनलं. माणसाची भाषा गोड होती. फोन उचलला की "प्रेज द लॉर्ड, ब्रदर" आणि ठेवताना आमच्या पाळकसाहेबांसाठी प्रार्थना. ऑर्गन आजोबांनी लंडनहून आणला, आता घर विकायचं आहे, व्यापाऱ्याला देण्यापेक्षा देवाच्या कामी जावा, असं तो सांगायचा. किंमत सव्वा लाख. त्याने व्हिडिओ पाठवले. त्यांत ऑर्गन सुरेख वाजत होता, एकही पट्टी मुकी नव्हती. मागच्या बाजूची प्लेट दाखवा म्हटल्यावर त्याने तिचाही स्वच्छ फोटो पाठवला. त्यावर '५० सायकल' असं कोरलेलं होतं.

फसवणुकीचं मूळ या प्लेटमध्येच आहे.

जुन्या हॅमंडमध्ये आत पोलादी चाकं फिरत असतात. प्रत्येक चाकाच्या कडेला ठरावीक उंचवटे, आणि कडेजवळ तारेचं वेटोळं गुंडाळलेलं चुंबक. चाक फिरलं की त्या वेटोळ्यात जी बारीक वीज तयार होते, तिचाच सूर होतो. ही सगळी चाकं एक सिंक्रोनस मोटर फिरवते, आणि तिचा वेग ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला किती सायकल होतात त्यावर. लॉरेन्स हॅमंड हा मुळात विजेवर चालणारी घड्याळं बनवणारा माणूस. घड्याळातली मोटर त्याने ऑर्गनमध्ये आणली. अमेरिकेत वीज ११७ व्होल्टच्या आसपास आणि ६० सायकलची, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. अमेरिकेसाठी बनवलेला ऑर्गन इथे लावला की मोटर सहाच्या जागी पाच फेरे घेते. तिथलं तसलंच घड्याळ इथे लावलं, तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडेल. ऑर्गनचे सगळे सूर त्याच प्रमाणात खाली येतात.

विकणाऱ्याने 'फुकट' दिलेला कन्व्हर्टर म्हणजे साधा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर होता. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो. सायकल पन्नासच राहतात. ऑर्गन जळत नाही, सुरू होतो, वाजतो, आणि एकटा वाजताना कानाला काही खटकतही नाही, कारण सगळेच सूर सारखे उतरलेले असतात. व्हिडिओत म्हणूनच काही कळत नाही. सोबत दुसरं वाद्य ठेवलं की कळतं. आमच्याकडे ऑर्गनवर पांढरी सहा दाबली तेव्हा पेटीची काळी तीन ऐकू आली, आणि तीही नीट जुळेना. फोनवरच्या ट्यूनरमध्ये, म्हणजे सुराची फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या ॲपमध्ये, ४४० दिसायला हवं होतं तिथे ३६७ दिसत होतं. काळी तीन असते ३७०. म्हणजे वाजवणाऱ्याने मनात पट्टी बदलून, तीन घरं वर सरकून वाजवलं तरी ऑर्गन पेटीच्या आणि कीबोर्डच्या किंचित खालीच राहतो. एकत्र गाण्यासाठी आणलेलं वाद्य कोणाशीच जुळत नाही.

मुंबईहून एक जुने व्हॉल्व्हवाले मिस्त्री आले, ज्यांनी उभं आयुष्य रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात घालवलं आहे. त्यांनी ऑर्गन भिंतीपासून ओढला आणि आवाज न ऐकताच मागे बसले. प्लेटच्या खालच्या अर्ध्या भागावर कसलासा तपकिरी कागदी स्टिकर होता, मालमत्तेच्या नोंदीसाठी ऑफिसात खुर्च्या-टेबलांना लावतात तसा. ओल्या फडक्याने त्यांनी तो हळूहळू सोडवला. खाली ११७ व्होल्ट, ६० सायकल. मग आम्ही फोटोतली प्लेट शेजारी धरली. फोटोतलं लाकूड फिकट होतं आणि प्लेटचा वरचा उजवा स्क्रू गायब होता. आमच्या ऑर्गनचं लाकूड गडद, आणि सगळे स्क्रू जागच्या जागी गंजलेले. फोटो दुसऱ्याच ऑर्गनचा होता. "साहेब, हा चुकून झालेला प्रकार नाही," मिस्त्री म्हणाले. "ज्याने चिकटवलं त्याला नेमकं काय झाकायचं ते माहीत होतं."

विकणाऱ्याला फोन लावला तर आधी म्हणाला, वाहतुकीत बिघडलं असेल. ट्यूनरचा आकडा सांगितल्यावर म्हणाला, तुमच्या गावची वीज खराब आहे. नंतर फोन लागणंच बंद झालं.

असा ऑर्गन कोणी घेणार असेल तर विक्रेत्याकडे व्हिडिओ कॉलचा आग्रह धरा, पाठवलेला व्हिडिओ पुरे मानू नका. कॉल न तोडता कॅमेरा ऑर्गनच्या तोंडापासून मागे न्यायला लावा, म्हणजे प्लेट याच ऑर्गनची आहे हे दिसेल. मग दुसऱ्या फोनवर ट्यूनर उघडून मधल्या सप्तकातला ए, म्हणजे पांढरी सहा, वाजवायला सांगा. ४४० च्या अगदी जवळ आकडा आला तर ठीक. ऑर्गन जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर चालू नाही ना, तेही विचारा, कारण पुरवठ्याचे सायकल हलले तर चाकांचा सूरही हलतो. हे चाकांच्या हॅमंडचं. ट्रान्झिस्टरवाले ऑर्गन, यामाहाचे इलेक्टोन वगैरे, यांचा सूर सायकलवर अवलंबून नसतो. त्यांना योग्य व्होल्ट मिळाले की झालं. जपानच्या घरगुती बाजारातले असतील तर १०० व्होल्टचे असतात, तिथे ट्रान्सफॉर्मर खरोखर उपयोगी पडतो. विक्रेते या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र करतात.

आता वाहतूक. इथे दुसरी लूट झाली.

कोलकाता ते नगर म्हणजे खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर असा सतराशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. पॅकर्स विकणाऱ्यानेच सुचवले, "आमच्या चर्चचेच लोक" म्हणून. त्यांनी अठ्ठावीस हजार सांगितले, त्यात लाकडी क्रेट आणि ट्रान्झिट इन्शुरन्स धरलेला. रक्कम आगाऊ घेतली. गाडी निघाल्यावर रायपूरच्या अलीकडून फोन आला की ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारं जीएसटीचं कागदपत्र) नाही म्हणून गाडी अडवली आहे, दंड भरावा लागेल, नाहीतर रोजचा हॉल्टिंग चार्ज वाढत जाईल. सोबत एक क्यूआर कोड. नाताळ तोंडावर आला होता, गायकवृंदाचा सराव सुरू होता. आमचे खजिनदार सज्जन, कायद्याला भिऊन वागणारे गृहस्थ. त्यांनी साडेचौदा हजार भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आता 'गोडाऊन भाडं' म्हणून. तेव्हा मी मध्ये पडलो आणि गाडी अडवल्याचा लेखी आदेश मागितला. तो आला नाही. गाडी मात्र दोन दिवसांत नगरला पोचली.

हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिल लागत नाही, तशी सूट नियमातच आहे. आणि जीएसटीवाल्यांनी गाडी खरोखर अडवली तर त्याचा लेखी आदेश निघतो, त्यावर नंबर असतो, आणि दंड चलनाने सरकारी खात्यात जातो. कोणा ड्रायव्हरच्या किंवा सुपरवायझरच्या नावाच्या यूपीआयवर जात नाही. आदेशाचा फोटो मागा. तो नसेल तर एक रुपयाही देऊ नका, गाडी कुठेही उभी असली तरी.

ऑर्गन उतरवला तेव्हा क्रेट नव्हता. गोणपाट आणि बबल रॅप. चाकांचा सगळा संच स्प्रिंगवर टांगलेला असतो, म्हणून हलवण्याआधी तो आतून बोल्टने आवळून घ्यावा लागतो. तो मोकळाच होता. ऑर्गन उभा न ठेवता आडवा टाकून आणलेला, हे एका बाजूच्या कडेवरच्या ओरखड्यांवरून उघड दिसत होतं. पायाच्या पट्ट्यांची चौकट सोबत आलीच नाही. हमाल घाई करत होते, पण आमच्यातल्या एका मुलाने गाडीतून उतरण्याच्या आधीपासून सगळं चित्रित केलं आणि मी पोचपावतीवर 'क्रेट नाही, कडा तुटलेल्या, पेडल नाहीत' असं लिहूनच सही केली. पुढे तक्रारीत हेच दोन पुरावे उपयोगी आले.

इन्शुरन्सचा हप्ता घेतला होता, पण पॉलिसीचा नंबर कधीच दिला नाही. ज्या विमा कंपनीचं नाव कोटेशनवर छापलं होतं तिच्याकडे चौकशी केली, तर अशी पॉलिसीच काढलेली नव्हती. त्याहून वाईट गोष्ट बुकिंगच्या कागदांवर सापडली. त्यांत मालाचं वर्णन 'जुनं लाकडी फर्निचर' आणि किंमत पाच हजार. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण ती जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. आपण सव्वा लाखाचा माल देतो आणि ते पाच हजार लिहून ठेवतात, ते याचसाठी. बुकिंगचे कागद गाडी सुटण्याआधी मागवा आणि किंमत स्वतः वाचा. 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असेल तर तिथेच हरकत घ्या. विमा घेतला असेल तर पॉलिसीची प्रत हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. आणि पॅकर्स विकणाऱ्याने सुचवलेले नसावेत. या दोघांनी मिळून आम्हाला लुटलं असं माझं ठाम मत आहे. एकाने दुसऱ्यावर ढकलायचं आणि आम्ही मध्ये लटकायचं, हे फार नेमकेपणाने घडत होतं.

नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावाच चालत नाही. पॅकर्सचे लोक 'बघतो, करतो' म्हणत नेमका हाच वेळ काढतात. आमची नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने वेळेत गेली. नोटीस पोचल्यावर त्यांनी क्रेट आणि विम्याचे म्हणून घेतलेले पैसे परत केले, बाकी नाही. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. क्यूआर कोडवर गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. खजिनदारांना शरम वाटून त्यांनी तो प्रकार काही दिवस कोणाला सांगितलाच नव्हता, त्यामुळे तोवर खातं रिकामं झालं होतं. असा फोन पहिल्या तासा-दोन तासांत केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता बरीच असते. विकणाऱ्यावर पोलिसांत लेखी तक्रार आहे, त्याला खोट्या प्लेटचा फोटो, स्टिकरचा फोटो आणि त्याचे सगळे मेसेज जोडले आहेत.

ऑर्गन आम्ही विकणार नाही. घेणाऱ्याला खरं सांगितलं तर कोणी घेणार नाही, आणि न सांगता विकणं आमच्याच्याने होणार नाही. मिस्त्रींच्या मते उपाय आहे: ऑर्गनच्या ॲम्प्लिफायरला ट्रान्सफॉर्मर पुरतो, फक्त दोन्ही मोटरींना (सुरुवातीला चालना देणारी आणि नंतर चाकं फिरवत ठेवणारी) वेगळा, ६० सायकलचा शुद्ध साइन वेव्ह पुरवठा द्यायचा. मोटर कमी वॅटची असल्याने मोठं यंत्र लागणार नाही. त्यासाठी पुन्हा वर्गणी मागायची नाही असं पंच कमिटीने ठरवलं आहे. परत मिळालेल्या पैशांतून ते काम होईल. त्याच विकणाऱ्याने दुसऱ्या राज्यातल्या एका मंडळीलाही हेच व्हिडिओ पाठवल्याचं अलीकडे समजलं. त्यांनी पैसे भरायच्या आधी आमच्याकडे चौकशी केली. कॉलवर मागची बाजू दाखव म्हटल्यावर त्याने फोन ठेवून दिला.