आईसाठी घेतलेला कॉर्डलेस फोन, एकंदर बरा आहे
ठाण्यात गोखले रोडवरून आईसाठी कॉर्डलेस घेतला, आमची लँडलाईन आता फायबरवर आहे त्यामुळे बेसची (हँडसेट ठेवायच्या स्टँडची) वायर राउटरमागच्या फोनच्या पोर्टात लावायची, भिंतीतल्या जुन्या सॉकेटला लावलीत तर टोनच येणार नाही. हँडसेटमध्ये रिचार्जेबल सेल आहेत, पहिल्यांदा रात्रभर चार्ज करा, आणि पुढे बदलताना साधे सेल अजिबात टाकू नका, चार्जिंगवर लीक होतात. आवाज क्लिअर, बटणं मोठी, आई किचनमधून मावशीशी तासभर बोलते (भाजी करपली तर फोनचा दोष नाही). वैताग एकच, लाईट गेली की बेस बंद, राउटरही बंद, फोन ठप्प! जुना वायरवाला तरी एक्स्चेंजच्या करंटवर चालायचा. बेस आणि राउटर दोन्हीला छोटा यूपीएस लावाच. गच्चीत मात्र आवाज तुटतो.